ढगांआडचे शिवार

दिवाळी हा दिव्यांचा सण. तेव्हा दिवाळी अंकात दिव्याविषयी लिहिणे ओघानेच आले. मात्र आजचा आमचा दिवा जरा निराळा आहे. त्याला तेल लागत नाही, वात लागत नाही, आणि त्याचा उजेड माणसाच्या डोळ्यांना दिसत नाही. तो जमिनीपासून सुमारे ७०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीला प्रदक्षिणा घालीत असतो. त्या उजेडात जे काय दिसते त्यावरून हिंगोली जिल्ह्यातल्या एखाद्या शेतात सोयाबीन आहे की कापूस, टेकडीवर रान आहे की नुसता मुरूम, ह्याची वर्गवारी करता येते. ह्या दिव्याचे नाव रडार.

हिंगोलीच कां, असे कोणी विचारील. पुण्यामुंबईच्या वाचकाला हिंगोली ठाऊक असते ती औंढा नागनाथाच्या यात्रेमुळे, नाही तर नामदेवांच्या नरसीमुळे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा लहानसा जिल्हा. उत्तरेला पैनगंगा, मधून कयाधू, दक्षिणेला पूर्णा. ह्या जिल्ह्याशी आपला संबंध काय, असे वाटत असेल तर स्वयंपाकघरात एक फेरी मारून यावे. तेलाच्या पिशवीतले सोयाबीन, डब्यातली तुरीची डाळ आणि फोडणीच्या डब्यातली हळद ही तिन्ही पिके हिंगोलीच्या काळ्या रानात पिकतात. वसमतच्या हळदीचे नाव तर व्यापाऱ्यांच्या तोंडी कायम असते.

आता प्रश्न असा की, कोणत्या शेतात काय उभे आहे, हे सांगायचे कोणी? प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या उत्तरावर बरेच काही अवलंबून आहे. सोयाबीन किती येणार ह्याच्या अंदाजावर तेल बाहेरून किती आणायचे हे ठरते. बँकेचे पीककर्ज, विम्याची भरपाई, अतिवृष्टीनंतरची मदत, सगळ्यांना विचारायचे असते ते हेच. निजामाच्या अमदानीत हे काम पटवाऱ्याकडे होते, पुढे तलाठ्याकडे आले. पीकपाहणी म्हणजे प्रत्येक शेतात जाऊन उभे पीक पाहायचे आणि गाव नमुना बारामध्ये लिहायचे. पण एका माणसाकडे दोन-तीन गावे आणि त्यांत शेकडो गट नंबर! तेव्हा चावडीवर बसून मागच्या वर्षीचे पीक यंदाच्या रकान्यात उतरवल्याच्या गोष्टी खेडोपाडी ऐकायला मिळत. ज्या विहिरीला पाणी नाही तिच्यावर ऊस, आणि जिथे बाभळी माजल्या तिथे गहू! २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. तीत शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. ही सुधारणा मोठी. पण सगळ्या जिल्ह्याचे चित्र एकदम, एकाच मापाने पाहायचे तर वर आकाशातच जायला हवे.

आकाशातून पाहणारे उपग्रह आपल्याकडे काही आजचे नाहीत. आयआरएस-१ए हा आपला पहिला मोठा दूरसंवेदन उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी वर गेला. तेव्हापासून असे उपग्रह सूर्यप्रकाशात जमिनीची चित्रे घेत आले आहेत. हिरवे रान, तांबडी माती, निळे पाणी, सगळे त्यांना दिसते. फक्त एक अडचण आहे, आणि ती नेमकी आपल्या मुळावर येते. ह्या कॅमेऱ्यांना ढगांपलीकडचे दिसत नाही. मराठवाड्यातले सोयाबीन जूनच्या अखेरीस किंवा जुलैच्या आरंभी पेरतात आणि दसऱ्यादिवाळीच्या सुमारास काढतात. त्याचे सारे आयुष्य शंभर दिवसांचे, आणि ते जवळजवळ सगळे पावसाळ्यात जाते. म्हणजे कॅमेऱ्याला स्वच्छ आकाश मिळेपर्यंत पुष्कळदा पीक कापून खळ्यावर गेलेले असते. नवरदेव मुंडावळ्या सोडून झोपी गेल्यावर फोटोवाला दारात यावा, तसा हा प्रकार.

इथे रडार कामाला येते. ते सूर्याची वाट पाहत नाही, आपला दिवा बरोबर घेऊनच फिरते. रेडिओलहरींचा एक ठोका खाली सोडायचा आणि जमिनीवरून परत आलेला पडसाद टिपायचा, एवढेच त्याचे काम. १९३५ साली इंग्लंडात वॉटसन-वॅट ह्यांनी अशा लहरींनी विमान टिपून दाखवले. ढगातले पाण्याचे कण ह्या लहरींच्या मानाने इतके बारीक असतात की लहर त्यांना न जुमानता पार होते. त्यामुळे रात्र असो वा श्रावणाची झड, रडारचे काम चालूच राहते. जमिनीची अशी चित्रे घेणारा सीसॅट हा अमेरिकन उपग्रह १९७८ मध्ये सोडला होता. तो काही महिन्यांतच बंद पडला, पण वाट दाखवून गेला. भारताने रिसॅट-१ हा आपल्या बनावटीचा रडार उपग्रह २६ एप्रिल २०१२ रोजी सोडला, आणि त्याचाच वारस ईओएस-०४ हा १४ फेब्रुवारी २०२२ रोजी. युरोपचा सेंटिनेल-१ हा २०१४ पासून फिरतो आहे. त्याची भावंडे मागाहून वर गेली, आणि त्यांची चित्रे साऱ्या जगाला फुकट मिळतात. हिंगोलीचा एखादा विद्यार्थी आपल्या तालुक्याचे चित्र घरबसल्या उतरवून घेऊ शकतो, ते ह्यामुळेच.

ह्या यंत्रातली एक युक्ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. सेंटिनेलची ॲण्टेना सुमारे १२ मीटर लांब आणि तिची लहर साडेपाच सेंटिमीटरांची. इतक्या उंचीवरून एवढ्याशा ॲण्टेनाने पाहिले तर चार किलोमीटर रुंदीचा पट्टा एकच धूसर ठिपका दिसेल. वसमतचे सगळे शहर एका ठिपक्यात! बारीक पाहायचे तर ॲण्टेना कित्येक किलोमीटर लांब हवी, आणि ती वर न्यायची कशी? १९५१ साली कार्ल वायली ह्या अमेरिकन इंजिनियराला उत्तर सुचले. उपग्रह पुढे सरकतच असतो. तेव्हा वाटेतल्या प्रत्येक ठिकाणी आलेला पडसाद साठवून ठेवायचा आणि मागाहून गणिताने सगळे एकत्र जुळवायचे. म्हणजे छोटी ॲण्टेना लांबलचक ॲण्टेनासारखे काम करते. ह्या हिशेबाने तयार झालेले चित्र दहा-दहा मीटरांच्या चौकटींत मांडतात. दहा गुणिले दहा म्हणजे शंभर चौरस मीटर. ज्यांच्या घरात सातबारा आहे त्यांच्या लगेच ध्यानात येईल की हा झाला जवळजवळ एक गुंठा! युरोपातल्या शास्त्रज्ञांनी नकळत आपल्याच मापाने जमीन मोजली म्हणायची.

आता ह्या चित्रात काय दिसते? रंग तर मुळीच नाही. रडारला हिरवे-पिवळे कळत नाही. त्याला कळतो तो खडबडीतपणा, ओलावा आणि वस्तूची ठेवण. लहर तिरपी खाली येते. सिद्धेश्वर किंवा इसापूर धरणाच्या संथ पाण्यावर पडली की आरशावरून जावी तशी पलीकडे निघून जाते, परत काहीच येत नाही, म्हणून तलाव काळाकुट्ट. हिंगोली शहरात ती अंगणावर आपटून भिंतीवर आदळते आणि आल्या वाटेने माघारी येते. कोपऱ्यात फेकलेला चेंडू आपल्याच हातात यावा तशी. म्हणून शहर लखलखीत पांढरे. नांगरलेले ओले ढेकूळ उजळ, सपाट कोरडे रान काळपट.

पिकाची ओळख आणखी एका खुणेने पटते. दोरीचे एक टोक खिडकीला बांधून वरखाली हलवा, उभी लहर जाते. डावीउजवीकडे हलवा, आडवी जाते. सेंटिनेल आपल्या जमिनीवर उभी लहर सोडते आणि परत आलेल्यांपैकी उभी किती, आडवी किती, हे वेगळे मोजते. नुसत्या मातीवरून गेली तशी उभीच बहुतेक परत येते. पण पानेफांद्यांच्या गर्दीत शिरली की इकडेतिकडे धक्के खाऊन तिचा काही भाग आडवा होऊन निघतो. तेव्हा आडवा पडसाद वाढला की शेतात काहीतरी भरगच्च उगवले आहे असे समजायचे.

काय उगवले आहे, हे मात्र एका चित्रावरून सांगता येत नाही. त्याला रोजनिशी लागते. एक उपग्रह बारा दिवसांनी पुन्हा त्याच वाटेने येतो. म्हणजे सोयाबीनच्या शंभर दिवसांत त्याच्या आठ-नऊ भेटी होतात. जूनमध्ये उघडी माती, ऑगस्टमध्ये पडसाद चढलेला, आणि ऑक्टोबरात काढणी होताच झटकन पुन्हा माती, ही सोयाबीनची चाल. कापूसही जूनचाच, पण तो वेचणी संपेपर्यंत डिसेंबर-जानेवारीपर्यंत उभा. हळद पावसाच्या तोंडाशी लावतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढतात, तेव्हा ती रब्बीच्या दिवसांतही शेतात दिसते. ऊस तर वर्षभर पाहुणा. टेकडीवरच्या सागाच्या रानाची चाल अगदी संथ, त्यात पेरणी नाही की कापणी नाही. माणूस चेहऱ्यावरून ओळखला नाही तरी चालीवरून ओळखावा, तसे हे आहे.

लहरीची लांबीही महत्त्वाची. घरात भाजणीची चाळण वेगळी आणि मैद्याची वेगळी. लहरीचेही तसेच, आपल्याएवढ्या आकाराच्या वस्तूंपाशी ती जास्त घुटमळते. साडेपाच सेंटिमीटरांची लहर पिकाच्या वरच्या पानांतच अडकते. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून भारत आणि अमेरिका ह्यांनी मिळून निसार हा उपग्रह सोडला. त्यावर दोन रडारे आहेत. अमेरिकेच्या रडारची लहर २४ सेंटिमीटरांची, आपल्या इस्रोच्या रडारची सुमारे १० सेंटिमीटरांची. लांब लहर पाने ओलांडून खोडापर्यंत आणि मातीपर्यंत उतरते. दोन चाळण्यांतून एकच पीठ चाळले तर निवड अधिक चांगली होईल, अशी आशा धरायला जागा आहे.

इथपर्यंत सगळे यंत्राचे कौतुक झाले. पण ह्या यंत्राला ‘सोयाबीन’ हा शब्द ठाऊक नाही! त्याच्याजवळ नुसते आकडे असतात. त्यांना नाव द्यायला कोणीतरी बांधावर जावेच लागते. एखादा तरुण मोबाइल घेऊन शेतात उभा राहतो, जागेचे अक्षांश-रेखांश टिपतो आणि विचारतो, “मामा, इथं काय पेरलंय?” “सोयाबीन हाय की बाबा, मधात तूर हाय.” अशा काही शे जागांच्या नोंदी गणकयंत्राला शिकवणी म्हणून देतात. पुढचे काम पंचांसारखे चालते. लिओ ब्रायमन ह्या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने २००१ मध्ये मांडलेल्या पद्धतीत शेकडो पंच बसवतात. प्रत्येक पंच आपापले प्रश्न विचारतो: जूनमध्ये पडसाद कमी होता कां? ऑक्टोबरात पडला कां? डिसेंबरात चढाच होता कां? शेवटी बहुमत ज्या नावाला, ते नाव त्या गुंठ्याला. अशा रीतीने सगळ्या जिल्ह्याचा रंगीत नकाशा तयार होतो. पिवळे सोयाबीन, पांढरा कापूस, हिरवे रान, निळे पाणी.

नकाशा छापला की तो खरा वाटू लागतो, आणि खरी काळजी इथूनच घ्यायची. चांगला नकाशा करणारा काही जागा मुद्दाम राखून ठेवतो, त्या यंत्राला दाखवत नाही, आणि मागाहून त्यांवर यंत्राची परीक्षा घेतो. किती सोयाबीनला सोयाबीन म्हटले, कितीला कापूस, ह्याचा तक्ता मांडतो. तो चुकांचा तक्ता नकाशाइतकाच मोलाचा. नुसते ‘८० टक्के बरोबर’ ह्या शब्दांवर भाळू नये. समजा, परीक्षेच्या शंभर शेतांत ८० सोयाबीनची, १० कापसाची आणि १० हळदीची आहेत. एखाद्या आळशी यंत्राने डोळे मिटून शंभरच्या शंभर शेतांना सोयाबीन म्हटले तरी त्याला ८० गुण मिळतातच! पण हळद लावणारे दहाच्या दहा जण नकाशातून नाहीसे झाले. मोठ्या पिकाच्या गर्दीत लहान पीक असे बुडते. म्हणून विचारायचे ते एवढेच नव्हे की एकंदर गुण किती. हळदीला किती, तुरीला किती, हेही विचारायचे.

चुका होतात त्यालाही कारणे आहेत. रडारच्या चित्रावर मीठ-मिरपूड विखुरल्यासारखी खर असते. शेजारशेजारचे पडसाद एकमेकांत मिसळून ती उठते. ती घालवायला शेजारच्या चौकटींची सरासरी काढतात. खर जाते, पण अर्ध्या एकराचा हळदीचा वाफाही शेजाऱ्यात मिसळतो. एक चौकट गुंठ्याएवढी असली तरी एकट्या गुंठ्याच्या साक्षीवर विसंबता येत नाही, ते ह्यासाठी. पुन्हा, मामांनी सांगितले ‘मधात तूर’. मराठवाड्यात सोयाबीनच्या काही ओळींनंतर तुरीची ओळ ही जुनी रीत. एक हुकले तर दुसरे हाती लागावे, हा तिच्यातला शहाणपणा. नकाशात मात्र एका चौकटीला एकच नाव. भाताचे तसे नाही. लावणीच्या वेळी पाणी भरलेले खाचर काळे, मग पीक वाढत जाईल तसे उजळ. ही चाल इतकी स्पष्ट की सरकारी पीक अंदाजात रडारचा उपयोग भात आणि ताग ह्यांच्यासाठी झाला. कोरडवाहू सोयाबीनचे काम त्या मानाने कठीण.

हे सगळे शास्त्रज्ञांच्या खोलीतच राहिले असते तर आपण एवढी चर्चा केली नसती. पण पीकविम्यात २०२३ च्या खरिपापासून भाताच्या उत्पन्नाचा हिशेब करताना उपग्रहादी साधनांनी काढलेल्या अंदाजाला निदान ३० टक्के वजन देण्याची पद्धत केंद्र सरकारने सुरू केली, आणि २०२४ च्या खरिपापासून तीत सोयाबीनही आले. म्हणजे पिवळ्या रंगाच्या जागी चुकून दुसरा रंग पडला तर त्याचा परिणाम शेवटी शेतकऱ्याच्या पासबुकापर्यंत पोचू शकतो. पीक कापून वजन करण्याचा जुना प्रयोग अजून आहे, आणि तो असायलाच हवा.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात झालेली अतिवृष्टी वाचकांच्या स्मरणात असेल. पुराचे पाणी कुठवर पसरले हे ढगांतून पाहायला रडारसारखे साधन नाही. काळा डाग वाढला की पाणी वाढले. पण त्यालाही मर्यादा आहेत. नदीचे पाणी दोन दिवसांत ओसरते, उपग्रहाची फेरी मात्र ठरल्या दिवशीच. उभ्या पिकात पाणी साचले तर लहर पाण्यावरून ताटांवर आदळून उलट उजळ परत येऊ शकते. तिथे काळा डाग पडतच नाही. सोयाबीनची मुळे मात्र पाण्यात कुजलेली असतात. आणि खरडून गेलेली माती? ती पूर्वी किती खोल होती हे वरून कळायला मार्ग नाही. तिथे पंचनामा करणाऱ्यालाच चिखल तुडवीत जावे लागते.

आणखी एक भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. रडार सांगते ते जमिनीवर काय आहे, एवढेच. ती जमीन कोणाची, कशासाठी राखलेली, हे तो सांगत नाही. गायरानावर कोणी पीक घेत असेल तर नकाशात ते पीक. शेतकऱ्याने चाऱ्यासाठी गवत राखलेले असेल तर ते कदाचित पडीक. हा आच्छादनाचा नकाशा. त्याला हक्काचा कागद समजून कोणी वापरू लागला तर गरिबावर अन्याय व्हायला वेळ लागणार नाही.

तात्पर्य, ढगांआडचे शिवार पाहणारा हा दिवा फार मोलाचा. पण त्याला कोर्टातल्या एका साक्षीदाराची जागा द्यावी, न्यायाधीशाची नव्हे. दुसरी साक्ष शेतकऱ्याच्या फोटोची, तिसरी बांधावर गेलेल्या माणसाच्या डोळ्यांची. तिघांचे जुळले तर उत्तम. न जुळले तर कोणाचे चुकले हे पाहायला बांधावर जावे. नकाशाबरोबर चुकांचा तक्ता मागावा, आणि ज्याच्या शेताला चुकीचे नाव पडले त्याला ते दुरुस्त करून घ्यायची वाट मोकळी असावी.

आमच्या शहरी वाचकांपैकी पुष्कळांची नावे गावाकडच्या सातबारावर आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांना आपल्या वाट्यात यंदा काय पेरले होते हे सांगता यायचे नाही. उपग्रह दर बारा दिवसांनी तिथे जाऊन येतो! ह्या दिवाळीत गावी जाणे झाले तर फराळानंतर जरा शिवारात चक्कर मारावी. कोणत्या तुकड्यात काय होते, किती आले, पाणी कुठे साचले, हे काकांना विचारून घ्यावे, आणि मुलांनाही बरोबर न्यावे. सोयाबीनच्या धसकटात उभे राहून ऐकलेली ती माहिती आकाशातल्या कोणत्याही दिव्याला आपणहून मिळत नाही.